सुरतेहून आहव्यास: शिमग्याच्या आधीचे चार दिवस

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम १६६४ सालचा जानेवारी महिना उभा राहतो. शाळेत शिकलेला इतिहास सहजासहजी पुसला जात नाही. परंतु आम्ही उभयता सुरतेस गेलो ते तापीकाठचा जुना किल्ला पाहावयास नव्हे, की जरीचे कापड घ्यावयासही नव्हे. आमचा थोरला मुलगा तेथे एका कापडाच्या कारखान्यात नोकरीस आहे. त्याच्याकडे चार दिवस राहावे, नातवंडाचे तोंड पाहावे आणि वसईच्या वाडीत केळी आमची वाट पाहत आहेत म्हणून परत फिरावे, एवढाच आमचा बेत होता. पण प्रवासातले बेत आपण करतो तसे क्वचितच पार पडतात.

सुरतेत मराठी कानी पडत नाही असे कोणी समजू नये. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत हिंडताना आपण धुळे-जळगावच्या एखाद्या पेठेत आहोत असा भास व्हावा, इतकी खानदेशातील कुटुंबे तेथे मागांच्या व गिरण्यांच्या आधाराने स्थायिक झाली आहेत. त्याच वस्तीत मुलाच्या एका सोबत्याशी आमची गाठ पडली. हा तरुण मूळचा डांगचा, आहव्याजवळच्या एका खेड्यातला. त्याचे मराठी आमच्या मराठीहून निराळे, थोडे खानदेशी, थोडे गुजराती वळणाचे. पण समजावयास मुळीच अवघड नव्हते. शिमगा आठवड्यावर आला होता. "काका, काकू, सुरत काय कधीही पाहाल. आमचा डांग शिमग्यातच पाहावा," असा त्याने आग्रह धरला. उपवासकाळ चालू होता, तेव्हा पाहुणचाराच्या पंक्तींची आम्हांस ओढ नव्हती. पण डोंगर पाहण्याची होती. आम्ही होकार दिला.

निघण्याच्या दिवशी सकाळी सुरतेचे आकाश स्वच्छ होते. फाल्गुनातले ऊन नऊ वाजताच अंगाला चटका देत होते. मोटारतळावर उभे असता त्या तरुणाने पश्चिमेकडे बोट दाखविले. फार उंचावर मासळीच्या खवल्यांसारखे पांढरे, पातळ ढग पसरत होते. "मावठ्याचे लक्षण आहे," तो म्हणाला, आणि त्याचा हसरा चेहरा एकदम उतरला. गुजरातेत अवकाळी पावसाला 'मावठुं' म्हणतात. आम्हांला त्या ढगांत काही भय दिसले नाही. उलट सावली मिळेल म्हणून बरेच वाटले. सुरतकरांना पावसाचे भय नाही असे नव्हे. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडले गेले आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडविला, ती आठवण तेथे अजून ताजी आहे. पण सुरत भिते ती श्रावणातल्या पाण्याला. फाल्गुनातल्या पावसाला कोण भिते, हे आम्हांला पुढच्या दोन दिवसांत कळावयाचे होते.

सुमारे ३५ किलोमीटरवर बारडोली लागली. १९२८ साली सरदार वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी वाढीव साऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे गाव. आज भोवती जिकडे पाहावे तिकडे ऊसच ऊस. आमच्या सोबत्याचा थोरला भाऊ व भावजय याच भागात ऊसतोडीस आलेली होती, म्हणून आम्ही वाटेत उतरलो. डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो माणसे येथे उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळावे, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतीला फार चमत्कारिक वाटले.

ओसाड शेतात त्यांचा पडाव होता. बांबू आणि उसाचे पाचट यांची वाकूनच आत शिरता येईल एवढी खोपटी, त्यांवर प्लास्टिकचा कागद. भावजयीने आम्हांला चहा दिला, बिनदुधाचा, पण प्रेमाचा. बोलता बोलता घराची हकीकत कळली. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारात मुकादमाकडून उचल घेतली होती. माणूस वाचला नाही, उचल मात्र राहिली. ती फेडण्यासाठी दरवर्षी यावे लागते. आठवीतली थोरली मुलगी गावी आजीजवळ राहून शाळेत जाते. यंदा हिशेब जुळला नाही, तर होळीनंतर तिलाही येथे आणावे लागेल; एक हात वाढेल, असे बाप म्हणाला. म्हणताना तो आमच्याकडे नव्हे, उसाकडे पाहत होता. आई काहीच बोलली नाही. घरी मोहाची दोन मोठी झाडे आणि एक आंबा आहे. त्यांचे काय होते त्यावर पोरीचे ठरेल, एवढे मात्र निघताना तिने दिराला सांगितले.

व्याऱ्यापासून मोटार दक्षिणेस वळली आणि देश बदलला. सपाट काळी जमीन संपून लाल मातीच्या टेकड्या लागल्या. साग पानगळीने उघडे पडले होते, आणि त्या उघड्या रानात पळस पेटल्यासारखा फुलला होता. मधून मधून काटेसावर, मधून मधून बांबूची बेटे. सह्याद्रीचा हा उत्तरेकडील उतार. पूर्णा, खापरी, अंबिका, गिरा या नद्या याच डोंगरांत वाहतात आणि नवसारी-बिलिमोऱ्याच्या बाजूने समुद्राला मिळतात. पावसाळ्यात गुजरातेतील सर्वांत जास्त पाऊस ज्या भागांत पडतो त्यांत डांगची गणना होते. पण फाल्गुनात नद्यांची पात्रे दगडगोट्यांची असतात आणि डोहांतच काय ते पाणी राहते.

या रानाला जुना इतिहास आहे. १८४२ साली इंग्रजांनी येथील भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले, कारण त्यांना जहाजांसाठी साग हवा होता. त्या पट्ट्याच्या पैशातूनच राजांचा सालियाना आला. गढवी, आमाळा, दहेर, पिंपरी आणि वासुर्णा या पाच गाद्यांच्या वारसांना तो आजही मिळतो, आणि तो देण्याचा समारंभ होळीच्या आधी आहव्यास भरतो. त्यालाच 'डांग दरबार' म्हणतात. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा डांग गुजरातेकडे गेला. सीमेची रेघ नकाशावर पडली, पण बाजारातल्या बोलीवर ती पडली नाही.

दुपारी आहव्यास पोहोचलो तेव्हा दरबाराची धामधूम चालू होती. जिल्ह्याचे ठाणे असले तरी आहवा लहानसे गाव. चारी बाजूंना डोंगर आणि खोरी. राजे सजविलेल्या बग्ग्यांतून मिरवत गेले, पुढे कहाळ्या आणि पावरी वाजत होत्या. पावरी हे दुधीभोपळा आणि शिंग जोडून केलेले फुंकवाद्य. त्याचा सूर एकदा कानात शिरला की दिवसभर जात नाही. पाळणे, भांड्यांची दुकाने, बांगड्यांचे हारे, नाचणीच्या भाकरी भाजणाऱ्या बायका. आपल्याकडील सणाच्या जत्रेची आठवण व्हावी असे ते दृश्य होते.

पण चार वाजता वारा फिरला. सकाळी सुरतेत पाहिलेले पातळ ढग आता दाट होऊन डोंगरमाथ्यावर बसले होते. उकाडा इतका वाढला की श्वास जड झाला. मग एकाएकी दरीतून गार झोत आला, धुळीचा लोट उठला, दुकानांची कापडे फडफडली आणि टपोरे थेंब पडले. दहा मिनिटांत पुन्हा ऊन. लोक हसले, दुकाने पुन्हा मांडली गेली. आमचा सोबती मात्र हसला नाही. "ही नुसती चाहूल. आपण घरी जाऊ," तो म्हणाला.

या दिवसांत हवा अशी का बिघडते, हे वाचकांना थोडक्यात सांगणे योग्य होईल. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे वादळी हवेचे पट्टे भारताच्या वायव्येस येतात. हवामानखाते त्यांना पश्चिमी प्रक्षोभ म्हणते. पुष्कळदा ते हिमालयावर पाऊस-बर्फ टाकून निघून जातात. पण एखाद्या वेळी त्यांच्या ओढीने राजस्थानावर वाऱ्याचा भोवरा तयार होतो आणि अरबी समुद्रावरची बाष्पाने भरलेली हवा गुजरात व उत्तर महाराष्ट्रात खेचली जाते. खाली फाल्गुनाच्या उन्हाने तापलेली जमीन, वर थंड हवा. अशा वेळी तापलेली ओलसर हवा वेगाने वर चढते आणि तिचे उंच ढग होतात. डोंगराचा उतार तिला आणखी वर ढकलतो. ढग फार उंच गेला की थेंब गोठतात, वरचा जोर त्यांना पुन्हा पुन्हा उचलतो आणि त्यांच्या गारा होतात. २०२३ सालच्या मार्चमध्ये धुळे, नंदुरबार, नाशिक या भागांत आणि गुजरातेत असाच पाऊस व गारा पडून उभी पिके गेली, हे वाचकांनी त्या वेळी वृत्तपत्रांत वाचले असेल.

सोबत्याचे घर खापरीच्या खोऱ्यात, आहव्यापासून काही कोसांवर. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, अंगणात दोन डांगी बैल. ही काळी-पांढरी जनावरे पाहण्यासारखी असतात. त्यांच्या कातडीला एक प्रकारचा तेलकटपणा असतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ती काम करतात. घराची सत्ता आजीकडे होती. वय सत्तरीच्या पलीकडे, पाठ किंचित वाकलेली, पण डोळे तीक्ष्ण. तिने आमची विचारपूस केली, पाणी दिले आणि लगेच नातीला म्हणाली, "चल पोरी, फुले आत घे."

मोहाच्या झाडाखालची जमीन झाडून-जाळून स्वच्छ केलेली असते. पहाटे फुले टपटप गळतात, ती वेचून टोपलीत भरावयाची आणि मग अंगणात तीन-चार दिवस उन्हात वाळवावयाची. रसाळ पांढरट फूल वाळून तांबूस मनुक्यासारखे झाले की व्यापारी वजनावर घेतो. घरचा साठाही त्यातूनच होतो. पुढे फळांच्या डोळीचे तेल निघते. परंतु वाळत घातलेल्या फुलांवर एक पाऊस पडला की ती काळवंडतात, आंबतात आणि मातीमोल होतात. त्या अंगणात तीन दिवसांचे फूल पसरलेले होते. आम्हांला एकदम अर्नाळ्याच्या वाळूतील परातींवर वाळणारे बोंबील आठवले. अवकाळी सर आली की आपल्या कोळणी कशा धावतात, मिठागरांतले आगरी बंधू कसे आकाशाकडे पाहतात! ती धावपळ आम्ही आयुष्यभर वाडीच्या कुंपणातून पाहिली होती. त्या संध्याकाळी प्रथमच आम्ही तिच्यात सामील झालो. चादरी, पोती, टोपल्या, सौभाग्यवतीची शाल, जे हाती लागले त्यात फुले भरून घरात नेली. तरी निम्मी जेमतेम आत गेली असतील.

रात्री आठच्या सुमारास पाऊस आला. आधी विजा, एका डोंगरामागे लखलखाट होऊन समोरचा डोंगर दिवसासारखा दिसे आणि पुन्हा काळोखात बुडे. मग वारा, मग कौलांवर ताडताड आवाज. गारा! सुपारीएवढ्या गारा अंगणात उड्या मारीत होत्या. बाहेर असता तर धाकट्या मुलांनी टाळ्या पिटून त्या वेचल्या असत्या. पण या घरातली मुले आजीला बिलगून गप्प बसली. चुलीपुढे फुलांचे ढीग होते. आजीने मंद विस्तव ठेवला, वर बांबूची तट्टी टांगली आणि फुले पातळ पसरून उबेवर धरली. ती आणि नात आळीपाळीने रात्रभर फुले हलवीत राहिल्या. आम्ही मदत करू म्हटले, तेव्हा आजी म्हणाली, "तुम्ही पाहुणे. आणि हे काम डोळ्यांचे नाही, बोटांचे आहे. ओले कोणते ते बोटाला कळते." तरी पहाटे आमच्या सौभाग्यवतीने एक पाळी घेतलीच. वाडीतल्या बाईला बोटांचे काम शिकवावे लागत नाही.

सकाळी खोरे धुक्याने भरले होते. रात्रीची गार हवा डोंगरउतारावरून खाली घसरते आणि तळाशी साचते, म्हणून माथ्यावर ऊन असता खाली मात्र धुके राहते. नऊ वाजता ते उचलले गेले, तेव्हा नुकसान दिसले. अंगणात राहिलेली फुले चिखलात मिसळली होती. आंब्याखाली मोहोराचा सडा पडला होता, आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कैऱ्या. आमच्या वाडीतही आंबे आहेत. मोहोरावर ओल बसली की भुरी आणि तुडतुडे येतात हे आम्हांस ठाऊक आहे. त्यामुळे सांत्वनाचे खोटे शब्द तोंडून निघेनात. आजी झाडाभोवती एक फेरी मारून आली. "पश्चिमेची बाजू गेली. घराकडची राहिली," एवढेच ती म्हणाली आणि टोपली घेऊन मोहाकडे चालू लागली, कारण रात्रीच्या वादळानंतरही पहाटे नवी फुले गळलीच होती.

त्याच दुपारी मुलीचे आईवडील आले. पाऊस बारडोलीकडेही झाला होता. काळ्या मातीत ट्रक रुतले, तोड बंद पडली आणि मुकादमाने शिमग्याची सुट्टी दोन दिवस आधीच दिली. सुट्टी म्हणजे बिनमजुरीचे दिवस. आम्हांला वाटले, आता हिशेब तर अधिकच बिघडला. पोरीची शाळा गेली. रात्री जेवणे झाल्यावर तो विषय निघाला. बापाने पुन्हा तेच म्हटले. मुलगी उंबऱ्याशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

तेव्हा आजीने विस्तवावर वाळविलेल्या फुलांचे पोते ओढून मध्ये ठेवले. "हे मी आणि पोरीने राखले," ती लेकाला म्हणाली. "तू तिला नेलीस तर पुढच्या मावठ्याला माझ्याबरोबर कोण जागेल? झाडे मला एकटीला उरकत नाहीत. कोयता एकच राहू दे. फेड एक वर्ष लांबेल, लांबू दे." तिने शाळेचे नाव काढले नाही, विद्येचे महत्त्व सांगितले नाही. लेक फार वेळ गप्प बसला. मग त्याने पोते उचलून पाहिले, जणू त्याचे वजन करीत होता, आणि म्हणाला, "बरे. परीक्षा होऊ दे तिची." धाकट्या भावाने, आमच्या सोबत्याने, सुरतेच्या पगारातून दरमहा काही रक्कम उचलीकडे वळविण्याचे तेथेच कबूल केले. मुलीच्या आईने पदराने डोळे टिपले आणि चूल सारवावयास घेतली.

दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही आजीला विचारले, "हवा अशी वरचेवर बिघडू लागली तर काय कराल?" ती म्हणाली, तिच्या लहानपणीही मावठे होत असे, पण तेव्हा रान दाट होते, कंद होते, मासे होते, एक गेले तर दुसरे मिळे. आता हातात पैसा लागतो आणि पैसा दोन झाडांवर टांगलेला असतो. २०२१ साली हा सबंध जिल्हा नैसर्गिक शेतीचा म्हणून जाहीर झाला. खते-औषधांचा खर्च वाचतो हे खरे. पण गार कोणत्या शेतावर पडते ते तिला कोणी विचारू शकत नाही. म्हणून त्या घरात आता नाचणी, वरई आणि उडीद यांचे बियाणे दोन जागी ठेवतात आणि मोहाची फुले वाळविण्यासाठी उंच मांडव घालण्याचा विचार चालला होता, ज्यावर एका क्षणात कागद ओढता येईल. आमच्या कोळीवाड्यांत बोंबलांसाठी बांबूच्या उंच वलांडी असतात, त्यांची रचना आम्ही कागदावर काढून दिली. पाहुणचाराची एवढीच परतफेड आमच्या हाती होती.

परतताना आम्ही वघईहून बिलिमोऱ्यापर्यंत छोट्या गाडीने आलो. गायकवाड सरकारच्या काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, रानातले लाकूड खाली आणण्यासाठी हा ६३ किलोमीटरचा लोहमार्ग घातला गेला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. २०२० सालच्या साथीत बंद पडलेली ही गाडी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती इतकी सावकाश चालते की खिडकीतून पळसाची फुले मोजता येतात. आकाश पुन्हा निरभ्र झाले होते. वादळ झाले होते याची खूण म्हणजे रुळांकडेला पडलेल्या फांद्या, आणि एका स्थानकावर अंगणात ओली फुले पसरून बसलेली एक म्हातारी. बिलिमोऱ्यास मोठी गाडी मिळाली आणि रात्री आम्ही वसईस उतरलो.

जूनच्या आरंभी सुरतेहून मुलाचा निरोप आला. आंब्याच्या घराकडच्या फांद्यांना फळ धरले होते. चार टोपल्या विकल्या गेल्या आणि एक सुरतेस आमच्या नातवासाठी पोहोचली. उंच मांडव झाला आहे. मुलगी नववीत गेली. उचलीपैकी थोडी फिटली आहे, बरीच बाकी आहे.